इंडोनेशियाचं पंचशील

मराठी माणसापुढे 'पंचशील' हा शब्द उच्चारला की त्याला सहसा दोन गोष्टी आठवतात. एक, बुद्धाने सांगितलेली पाच शीलं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबत लाखोंनी ती घेतली. दुसरी, १९५४चा भारत-चीन करार. तिसरं पंचशील इंडोनेशियाचं. तिथे त्याला 'पंचसिला' म्हणतात. ते १९४५चं, म्हणजे आपल्या करारापेक्षा नऊ वर्षांनी थोरलं. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा होत नाही, आणि मला त्याचीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

पंचसिलाचा मूळ मजकूर मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा आधी शब्दांनीच चकित केलं. भाषा येत नसूनही ओळखीचे चेहरे दिसत होते. 'मानुसिया' म्हणजे मनुष्य, 'महा' आपलाच. 'आदिल' म्हणजे न्यायी, 'आदाब'मध्ये आपली अदब. 'हिक्मत' तर जशीच्या तशी. 'राक्यात' म्हणजे जनता, ही आपली रयत. 'वाकिल' म्हणजे प्रतिनिधी, हा आपला वकील. संस्कृत आणि अरबी एकाच पंगतीला बसलेल्या. जावामध्ये आधी हिंदू-बौद्ध राज्यं झाली, मग इस्लाम आला, आणि जुनं पुसून न टाकता नवं त्यावर चढत गेलं. तो सगळा इतिहास या पाच ओळींत आहे.

या ओळी जन्मल्या त्या घाईच्या काळात. १९४२पासून देश जपानच्या ताब्यात होता. युद्ध हरतोय हे दिसू लागल्यावर जपानने स्वातंत्र्याच्या तयारीसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष राजिमान यांनी प्रश्न टाकला, की नव्या राष्ट्राचा पाया काय असेल? १ जून १९४५ला सुकार्नो यांनी उत्तरादाखल भाषण केलं. राष्ट्रीयता, मानवता, सहमतीचा कारभार, सामाजिक कल्याण आणि ईश्वरावरची श्रद्धा अशी पाच तत्त्वं त्यांनी मांडली. ईश्वर शेवटी होता.

तो पहिल्या जागी आला तीन आठवड्यांत. नऊ जणांच्या एका गटाने २२ जूनला मसुदा केला. त्यात ईश्वरश्रद्धा पहिली झाली आणि तिच्यापुढे आणखी एक वाक्यांश आला : मुस्लिमांवर शरियत पाळण्याचं बंधन राहील. मूळ भाषेत हे अवघे सात शब्द. १७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर झालं, आणि त्याच संध्याकाळी मोहम्मद हत्ता यांच्याकडे निरोप आला, की हे सात शब्द राहिले तर पूर्वेकडच्या बेटांवरचे ख्रिस्ती या राष्ट्रात राहणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ता मुस्लिम नेत्यांशी बोलले आणि सात शब्द गेले. 'एकमेव ईश्वरावरची श्रद्धा' एवढंच उरलं. कोणाचा ईश्वर, हे मुद्दामच लिहिलं नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशाने इस्लामला राज्यधर्म केलं नाही, तसं धर्माला राज्यापासून वेगळंही केलं नाही.

त्या मोकळ्या जागेनेच देश एकत्र राहिला, असं मला वाटतं. पण जागा मोकळी आहे म्हटल्यावर ती भरण्याचा हक्क कोणाचा, हा वाद अटळ होता. १९५६ ते १९५९ संविधान सभेत तो चालला. एका बाजूला इस्लामला पाया मानणारे पक्ष, दुसऱ्या बाजूला पंचसिलावाले. दोन-तृतीयांश मतं कोणाकडेच नव्हती. ५ जुलै १९५९ला सुकार्नो यांनी हुकूम काढून सभा बरखास्त केली आणि १९४५चं संविधान परत आणलं. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्या सभेत कम्युनिस्ट पक्ष पंचसिलाच्या बाजूने बसला होता.

सहा वर्षांनी तोच पक्ष पंचसिलाचा शत्रू ठरला. ३० सप्टेंबर १९६५च्या रात्री सहा सेनापतींचं अपहरण झालं आणि ते मारले गेले. मेजर जनरल सुहार्तो यांनी सूत्रं हाती घेतली. पुढच्या काही महिन्यांत कम्युनिस्ट आणि कम्युनिस्ट समजले गेलेले लोक मारले गेले. अभ्यासकांचे अंदाज साधारण पाच लाखांपासून सुरू होतात. या हत्यांत सामील असलेल्या एका संघटनेचं नाव 'पेमुदा पंचसिला', म्हणजे पंचसिलाचे तरुण. १ ऑक्टोबर हा दिवस पंचसिलाच्या अजिंक्य शक्तीचा म्हणून पाळला जाऊ लागला. पाच लाखांचा त्यात उल्लेख नसे.

यापुढे मोकळी जागा सरकारने भरली. धर्म नसणं म्हणजे नास्तिक, नास्तिक म्हणजे कम्युनिस्ट, असं समीकरण रूढ झालं. जुन्या जावानी श्रद्धा पाळणाऱ्या असंख्य लोकांनी जीव वाचवायला मान्यताप्राप्त धर्मांपैकी एखादा जवळ केला. बौद्धांची अडचण तर विलक्षण होती. बुद्धाच्या पाच शीलांत ईश्वर नाही. पण त्याच नावाच्या राज्यतत्त्वात तो पहिला. तेव्हा भिक्षू जिनरक्खित यांनी 'संघ्यांग आदिबुद्ध' हे ईश्वराचं नाव पुढे केलं. बुद्धाचा शब्द घेऊन उभ्या राहिलेल्या राज्याने बुद्धाच्या अनुयायांकडे ईश्वराचा पत्ता मागितला. इथे मी वाचता वाचता थांबलो होतो.

१९७८पासून सरकारी नोकर, विद्यार्थी, सगळ्यांना पंचसिलाचे सक्तीचे वर्ग सुरू झाले. १९८०मध्ये पन्नास मान्यवरांनी निवेदन काढून म्हटलं, की राष्ट्राध्यक्ष पंचसिला विरोधकांना धमकावण्यासाठी वापरत आहेत. त्यात निवृत्त सेनाधिकारी होते, माजी पंतप्रधानही होते. १९८५च्या कायद्याने प्रत्येक संघटनेला पंचसिला हाच एकमेव पाया मानणं भाग पडलं.

तरीही हे तत्त्व फक्त दडपशाहीचं हत्यार होतं, असं मी म्हणणार नाही. नहदलातुल उलामा या विशाल मुस्लिम संघटनेने डिसेंबर १९८४मध्ये, सितुबोंदोच्या अधिवेशनात पंचसिला स्वीकारलं. त्याच अधिवेशनात अब्दुर्रहमान वाहिद अध्यक्ष झाले. पुढे लोकशाहीची आणि अल्पसंख्याकांची बाजू घेताना त्यांनी याच पाच तत्त्वांचा आधार घेतला. सत्तेने दिलेला शब्द त्यांनी सत्तेलाच ऐकवला.

१९९८मध्ये सुहार्तो गेले, सक्तीचे वर्ग बंद झाले, पंचसिला मात्र राहिलं. २०१७ हे एकच वर्ष पाहा. जकार्ताचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे गव्हर्नर 'आहोक' यांना मे महिन्यात धर्मनिंदेसाठी दोन वर्षांची शिक्षा झाली. जुलैमध्ये खिलाफतवादी हिज्बुत तहरीरवर बंदी आली, पंचसिलाविरोधी म्हणून, आणि तीही आधी न्यायालयात न जाता, नव्या वटहुकुमाच्या जोरावर. नोव्हेंबरमध्ये घटना न्यायालयाने ठरवलं, की स्थानिक श्रद्धा पाळणाऱ्यांना ओळखपत्राच्या धर्माच्या रकान्यात आपली श्रद्धा लिहिता येईल. अर्ध्या शतकापूर्वी ज्यांच्या आजी-आजोबांना भीतीने दुसरा धर्म सांगावा लागला, त्यांच्यासाठी ही छोटी नोंद नाही.

पंचसिला चांगलं की वाईट, असं मला विचारलं तर उत्तर देता येणार नाही. पाच ओळी १९४५पासून त्याच आहेत. त्यांच्या आधाराने माणसं एकत्रही आली आणि मारलीही गेली. फरक पडला तो अर्थ लावण्याचा मक्ता कोणाकडे होता, याने. १८ ऑगस्टच्या सकाळी समोरासमोर बसलेल्या माणसांनी बोलून सात शब्द सोडले होते. चौथ्या तत्त्वात विचारविनिमयाने कारभार करावा असं म्हटलं आहे. पहिल्या तत्त्वावरून एवढं रक्त सांडलं, आणि मला वाटतं देशाला सर्वांत जास्त गरज होती ती चौथ्याची.