घासलेटच्या सवयी आणि गॅसचा सिलिंडर

मंडळी, इंधन एका दिवसात बदलतं, पण ते हाताळणाऱ्या हातांच्या सवयी बदलायला एक पिढी जाते. इतिहास शिकवताना मी मुलांना राजे आणि लढाया सांगितल्या, चुलीचा इतिहास मात्र क्रमिक पुस्तकात नव्हता. तो आज सांगतो, कारण नात्यातली पोरं कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात निघाली आहेत आणि "काका, सिलिंडर मागच्या बाकाखाली ठेवला तर चालेल ना?" असं विचारतात.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, तरी घरात चूलच होती. पुढे घासलेटचा स्टोव्ह आला. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेल्या प्रायमसचं नाव आपल्याकडेही घरोघरी झालं. घासलेटचा डबा कोपऱ्यात, खाटेखाली, कुठेही सरकवला जाई. सांडलं तर दिसायचं, फडक्याने पुसता यायचं. प्रवासातही डबा शिध्याच्या पोत्यांमध्ये बसायचा. धोका होताच, पण तो डोळ्यांना दिसणारा होता.

१९५५ च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीने मुंबईत 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस आणला. माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने तेव्हा नुकतेच उभे राहिले होते. १९७४ मध्ये एस्सोचं हिंदुस्थान पेट्रोलियम झालं. १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारने घेतली आणि १९७७ पासून ती भारत पेट्रोलियम म्हणून ओळखली जाऊ लागली. गॅसने आणखी एक बदल केला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणून ओटा आला आणि पाटावर बसून रांधणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. घर गॅसप्रमाणे बदललं. प्रवासाची गाडी मात्र घासलेटच्याच काळात राहिली.

हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. त्यामुळे गळलेला गॅस वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरून जमिनीलगत साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. घराला निदान दार-खिडक्या आणि मोरी असते. गाडीतल्या बाकाखालची जागा म्हणजे झाकण लावलेला हौदच!

२६ ऑगस्ट २०२३ ची मदुराईची घटना आठवत असेल. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा खास डबा तिथे उभा होता. पहाटे चहासाठी, लपवून आणलेल्या सिलिंडरवर शेगडी पेटवली गेली आणि आगीत ९ जण गेले. रेल्वेच्या डब्यात सिलिंडर नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. त्या लोकांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. आपली दिंडी, आपली यात्रा बस, सगळीकडे हीच भावना असते, की चहा आपल्या हातचा हवा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा अशा गाड्या वाढणारच. म्हणून पोरांना दिलेलं उत्तर इथेही लिहितो.

बाकाखाली नाही. सिलिंडरला स्वतंत्र कप्पा हवा. त्याचं दार बाहेर उघडणारं, आतल्या बाजूने पूर्ण बंद आणि तळाला भोकं, म्हणजे गळलेला गॅस रस्त्यावर जाईल. सिलिंडर उभाच आणि पट्ट्याने आवळलेला असावा. आडवा झाला की द्रवरूप गॅस झडपेपर्यंत येतो. जादा सिलिंडरही त्याच कप्प्यात. गाडी चालू असताना गॅस बंद. गॅसची सूचना देणारं यंत्र लावायचं तर जमिनीलगत. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवर 'सी-२८' असं काही लिहिलेलं असतं. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. ती तारीख उलटली असेल तर तो सिलिंडर घेऊ नये. वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारं उघडून सगळ्यांनी बाहेर पडावं आणि १९०६ वर फोन करावा.

पोरं म्हणाली, एवढं करण्यापेक्षा वाटेत खानावळीत जेवू. तेही चालेल. कोकणात खानावळींना काय तोटा! पण चहासाठी सिलिंडर नेणारच असाल, तर आधी त्याचा कप्पा बघा आणि मग बाकीचं सामान भरा.