बिस्किटाचा गृहप्रवेश : बुधवार पेठ व परिसरातील एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात अन्नव्यवहाराचा विचार बहुधा रोटीबंदी, सहभोजने आणि दुष्काळ या तीन अंगांनी झालेला आहे. फराळाच्या डब्यातील पदार्थ त्या मानाने अभ्यासकांच्या नजरेतून निसटले. वास्तविक पुण्यासारख्या शहरात बिस्किट या क्षुल्लक वाटणाऱ्या पदार्थाने एके काळी न्यायमूर्ती, संपादक आणि प्राध्यापक यांना प्रायश्चित्तास भाग पाडले होते. तेच बिस्किट पुढे पेठांतील घरांत गृहिणीच्या हातून तयार होऊ लागले. इतकेच नव्हे, तर दोन चकत्यांमध्ये घरचा साखरांबा भरून पाहुण्यांपुढे मांडले जाऊ लागले. हा बदल कोणत्या वाटेने घडला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात बुधवार पेठ व तिच्या आसपासचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून घेतला आहे.

परक्या हाताचे अन्न

भट्टीत भाजलेल्या गव्हाच्या पदार्थाविषयीचा संशय हा केवळ पुण्याचा नव्हे. विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा वसई आणि गोमंतकात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेने या समजुतीचाच उपयोग उलट दिशेने केला. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे हा तेथे सभासदत्वाच्या दीक्षेचाच भाग होता. सभेचे कामकाज गुप्त असे. सभासदांची यादी फुटल्यावर १८६० च्या सुमारास ती सभा विस्कटली. तात्पर्य, पाव खाण्यापेक्षा पाव खाल्ल्याचे जाहीर होणे अधिक भयावह होते.

पुण्यात याची पुनरावृत्ती ऑक्टोबर १८९० मध्ये झाली. बुधवार पेठेपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये एका समारंभास शहरातील प्रतिष्ठितांना निमंत्रण होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक व गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांत होते. तेथे चहा-बिस्किटे देण्यात आली. काहींनी ती घेतली, काहींनी पेला हाती घेऊन बाजूस ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. चाळीसहून अधिक गृहस्थांवर ठपका आला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि चौकशी मंडळ नेमले गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या प्रकरणाचा घरावर झालेला परिणाम नोंदविला आहे.

या प्रकरणाकडे टिळक-रानडे मतभेदाचा एक अध्याय म्हणूनच पाहण्याची प्रथा आहे. घराच्या बाजूने पाहिले असता त्याचे वेगळे रूप दिसते. ग्रामण्याचा खरा मार सभेत बसणाऱ्या पुरुषांपेक्षा स्वयंपाकघरावर पडे. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नसे, पंगत मोडे, माहेरवाशिणीचे येणे-जाणे थांबे. बिस्किट खाल्ले पुरुषांनी, हिशेब चुकता केला स्त्रियांनी, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. मुख्य म्हणजे बिस्किटात काय घातले आहे याची फारशी चर्चा या वादात दिसत नाही. आक्षेप पदार्थावर नव्हता. तो हातावर होता.

भट्टीवरची बिस्किटे

विसाव्या शतकात हा आक्षेप कोणत्याही ठरावाने रद्द झाला नाही. तो झिजत गेला. स्वदेशीच्या चळवळीने परदेशी साखर आणि परदेशी मालाविषयी नवा विटाळ निर्माण केला खरा, पण त्याच काळात देशी कारखान्यांची बिस्किटे बाजारात स्थिरावू लागली होती. कोलकात्यात १८९२ मध्ये सुरू झालेला ब्रिटानियाचा उद्योग आणि मुंबईत विलेपार्ले येथे १९२९ मध्ये निघालेला पार्लेचा कारखाना ही त्यांतील ठळक नावे. कागदात गुंडाळलेल्या बिस्किटाला हात कोणाचा लागला, हे दिसत नाही. न दिसणाऱ्या हाताची शिवाशीव पाळणे अवघड असते.

पुण्यात मात्र यापेक्षा महत्त्वाची एक मधली अवस्था होती. तिची नोंद लिखित साधनांत तुरळक असली, तरी ज्येष्ठ पिढीच्या बोलण्यात ती हमखास येते. दिवाळीपूर्वी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत घरचा रवा, मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलदोडे घेऊन ओळखीच्या बेकरीत जायचे, भट्टीवाल्याकडून मजुरी देऊन नानकटाई करून घ्यायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायची. पुढे तुपाची जागा अनेक घरांत वनस्पती तुपाने घेतली. १९३७ पासून बाजारात आलेल्या डालडाचे रिकामे डबे तर या बिस्किटांचे कायमचे घर बनले. आपल्याच पिठाची बिस्किटे आपल्याला मिळतात की नाही हे पाहण्यासाठी घरातील एखाद्या मुलाला भट्टीपाशी बसवून ठेवण्याची चाल होती.

या व्यवहाराचे वर्णन साधारणपणे काटकसर किंवा भेसळीची भीती अशा शब्दांत केले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. पुण्यातील कित्येक बेकऱ्या इराणी, मुस्लिम व ख्रिस्ती व्यावसायिकांच्या होत्या. पेठेतील घराने साहित्य स्वतःचे दिले आणि हात त्यांचा स्वीकारला. १८९० मध्ये ज्या हातावरून ग्रामण्य उभे राहिले, तो हात येथे निमूटपणे मान्य झाला. शुद्धतेचा आग्रह तुपाच्या डब्यापुरता उरला. पंगतीत जे साधले नाही ते भट्टीपाशी साधले गेले, तेही कोणी सुधारणेचे नाव न घेता. अर्थात या समेटाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. भट्टीवाल्याच्या हातची नानकटाई घरात आली म्हणून भट्टीवाला स्वतः माजघरात आला, असे सर्वत्र झाले नाही.

नानकटाई या पदार्थाची निवडही अर्थपूर्ण आहे. ‘नान’ हा फारसी शब्द. सुरतेच्या डच वखारीतील भट्टी पारशी कारागिराकडे आली आणि तेथून हा पदार्थ निघाला, अशी परंपरा सांगितली जाते. जुन्या पावात ताडी, केकमध्ये अंडे. नानकटाईला दोन्ही लागत नाहीत. तूप व साखर फेसून हलकी करणे एवढ्यावर तिचा खुसखुशीतपणा अवलंबून असतो. शाकाहारी घराने भट्टीवर नेण्याचा पहिला पदार्थ म्हणून तिला निवडावे, हे स्वाभाविकच होते. लष्करातील ईस्ट स्ट्रीटवर १९५५ मध्ये सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे पेठांत पोहोचली ती या पूर्वतयारीनंतर.

तुळशीबागेतील साचे आणि घरची शेगडी

तिसरी अवस्था घरात भाजण्याची. तिचा भूगोल मात्र नेमका बुधवार पेठेतला आहे. पेशवाईत नारो आप्पाजी यांनी १७६१ पासून उभारलेल्या तुळशीबागेतील राममंदिराभोवती पुढे भांडी, देवपूजेचे साहित्य व भातुकली यांचा बाजार वाढला. सोऱ्या, शंकरपाळ्यांचे कातणे, मोदकाचे साचे आणि त्यांच्याच शेजारी बिस्किटांचे पत्र्याचे साचे व ॲल्युमिनियमचे ट्रे मिळू लागले. विजेची शेगडी, तिची तार, काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन किंवा त्याचा सुटा भाग हवा असल्यास त्याच पेठेतील तापकीर गल्ली जवळ होती. ज्या घरी ओव्हन नव्हता तेथे जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, किंवा कुकरची शिट्टी व रबराची रिंग काढून काम भागविले जाई.

जॅम भरलेले जोड बिस्किट हे या घरगुती कौशल्याचे कठीण प्रकरण. मूळ पदार्थ मध्य युरोपातला. ऑस्ट्रियातील लिंत्स शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, फळांचा मुरंबा घातलेल्या केकची कृती १६५३ च्या हस्तलिखितात आढळते. त्याच कुळातील लहान बिस्किटात वरच्या चकतीला भोक पाडून आतला लाल जॅम दिसू देतात. ब्रिटनमध्ये हे बिस्किट जर्मन नावानेही ओळखले जाई. पहिल्या महायुद्धात ते नाव नकोसे झाले आणि त्याचे ‘एम्पायर बिस्किट’ झाले. बिस्किटावरून ग्रामण्य करणारे पुणे याबाबतीत एकटे नव्हते, एवढे यावरून दिसते.

नानकटाईचे पीठ या कामी जसेच्या तसे चालत नाही. नानकटाई फुगावी, तडकावी. जोड बिस्किटाच्या चकत्या मात्र सपाट आणि सारख्या हव्यात. त्यासाठी सोडा वगळावा लागतो, पीठ गार जागी ठेवून लाटावे लागते. साचा नसल्यास वाटीच्या कडेने चकती आणि बाटलीच्या लहान झाकणाने मधले भोक पाडता येते. सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअस तापमानाला बारा-पंधरा मिनिटांत कडा किंचित बदामी होतात. त्यापुढे गेल्यास वरची, भोकाची चकती आधी करपते, म्हणून ती वेगळ्या ट्रेमध्ये भाजणे श्रेयस्कर.

जॅमचा प्रश्न याहून रंजक आहे. १९५५ च्या फळउत्पादन आदेशानुसार जॅममध्ये विद्राव्य घनांश किमान ६८ टक्के असावा लागे. म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाणी उरते आणि ते हळूहळू बिस्किटात उतरते. सकाळी भरलेले बिस्किट दुसऱ्या दिवशी मऊ पडते ते यामुळे. पाचगणीत १९५९ मध्ये सुरू झालेल्या मॅप्रोसारख्या उद्योगांमुळे स्ट्रॉबेरीचा जॅम पुणेकरांना जवळचा झाला. तरी मराठी घरात त्याआधीपासून साखरांबा होताच. किसलेल्या कैरीचा, चांगला आटवलेला साखरांबा बाजारच्या जॅमपेक्षा घट्ट व आंबट असतो. तुपाच्या गोड चकत्यांमध्ये तो अधिक शोभतो. रंगाने मात्र तो लाल नव्हे, पिवळसर. खिडकीतून दिसणारा माणिक येथे केशरी होतो. चकत्या डब्यात कोरड्या ठेवून चहाच्या वेळी भरणे हा यावरचा सोपा उपाय.

या टप्प्यावर हात पुन्हा घरचा झाला. फरक असा की, तो आता शुद्धीसाठी नव्हे, हौशीसाठी व प्रतिष्ठेसाठी घरचा होता. पाककृतीच्या पुस्तकांनी, विशेषतः १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने, वाटी-चमच्याचे माप रूढ करून अशा हौशीला शिस्त दिली. मात्र हौस या शब्दाआड श्रम झाकले जातात. भट्टीवर मजुरी मोजली जात होती. घरच्या ओव्हनपुढील तीन तासांना दर नव्हता. तो दर काही प्रमाणात २०२० च्या टाळेबंदीत ठरला. बेकऱ्यांकडे जाणे अवघड झाले, अनेक स्त्रियांनी घरूनच मागणीप्रमाणे केक व बिस्किटे देण्यास आरंभ केला, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी हा स्वयंपाकघरातील विषय झाला. त्यांच्या डब्यांवर अंडे नसल्याची हिरवी खूण ठळकपणे असते. ‘घरी केलेले’ हे शब्द त्याहून ठळक असतात. घर कोणाचे, हे गिऱ्हाईक क्वचितच विचारते. कधी कधी विचारतेही.