डब्यावरचा वॉट आणि तारेतला वॉट

आजचा इतिहास राजांचा नाही, लढायांचा नाही. एका आकड्याचा आहे. गाडीतल्या ॲम्प्लिफायरच्या आणि सबवूफरच्या खोक्यावर ठळक छापलेला असतो तो वॉटचा आकडा. तो कुठून आला, कोणी ठरवला आणि तो वाचून जोडी जुळवायला गेलं की माणूस का फसतो, ते आज पाहू. फसलेल्यांत मी स्वतः आहे, म्हणून सुरुवात घरापासूनच करतो.

आम्ही इंदूरचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दादानं सेकंडहँड मारुती ८०० घेतली आणि डिकीत बारा इंची वूफर बसवायचं ठरलं. मी नुकताच नोकरीला लागलेलो, पैसे माझे. हिशेबही माझाच. वूफरवर लिहिलेलं १००० वॉट, ॲम्प्लिफायरवर ६००. मी म्हटलं, ‘दादा, वूफर हजार सोसतो, ॲम्प देणार सहाशे. काही होत नाही.’ दुकानदारानंही मान डोलावली.

पहिल्याच रविवारी देवासच्या रस्त्यावर आवाज पूर्ण वाढवला. दर ठोक्याला हेडलाइट मंद होत होते, त्याचंही आम्हाला कौतुक वाटत होतं. तासाभरात डिकीतून जळका वास आला आणि बेस बंद पडला. वूफरचा कोन बोटानं दाबून पाहिला, तर आत काहीतरी खरखरत घासत होतं. दुकानदार म्हणाला, ‘भैया, ॲम्प छोटा पड गया. छोटे ॲम्प से ही वूफर जलता है.’ आम्ही त्याच खोक्याचा दुसरा वूफर घेतला, वर मोठा ॲम्पही घेतला. तो वूफर पंधरा दिवसही टिकला नाही. दादा मला एका शब्दानं बोलला नाही, पण नंतर त्यानं डिकीतली ती पेटी स्वतःच्या हातानं काढून टाकली.

दुकानदाराचं निदान बरोबर होतं का? हा प्रश्न मी पुढे बरीच वर्षं बाळगला. त्याचं उत्तर हवं असेल, तर थोडं मागे जावं लागेल.

१९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिलं. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची. रेडिओतल्या व्हॉल्व्हना याहून कितीतरी जास्त व्होल्ट लागत, ते तयार करायला वेगळी यंत्रणा लागे. इंजिनाच्या खरखरीतून बातम्या आणि गाणी ऐकू आली की लोक खूश. वॉट किती, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नसे. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ आणला. त्याच दशकात अमेरिकन गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. रेडिओ लहान झाला, बॅटरीवरचा भार कमी झाला. पण एक भिंत तशीच उभी राहिली, आणि पुढचा सगळा घोळ त्या भिंतीमुळेच आहे.

ती भिंत म्हणजे बॅटरीचे व्होल्ट. गाडी चालू असताना फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा धरा. साध्या रचनेत सूर स्वच्छ ठेवायचा, तर हिशेबानं साडेसहा वॉटच्या आसपास निघतात. स्पीकरची दोन्ही टोकं उलटसुलट ढकलणारी ब्रिज रचना केली, तर कागदावर २६, प्रत्यक्षात वीसच्या आगेमागे. मग डॅशबोर्डमधल्या डेकवर ‘५० वॉट × ४’ कसं लिहितात? १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा. ५२ च्या जवळ येतं. म्हणजे लाटेचा माथा पूर्ण कापून, तिला चौकोनी करून, कानाला नकोसा होईल असा आवाज काढला, तर मिळणारा हा आकडा. गणित खरं आहे, पण त्या आकड्यावर कोणी गाणं ऐकत नाही.

आता थोडा वेळ गाडीतून उतरून दिवाणखान्यात जाऊ, कारण वॉटचा बाजार आधी तिथे भरला. साठच्या दशकात घरगुती हाय-फाय संचांची लाट आली आणि वॉट हा विक्रीचा शब्द झाला. एकच यंत्र, पण क्षणभराचा कमाल आकडा वेगळा, ‘म्युझिक पॉवर’ वेगळी, सतत देता येणारी शक्ती वेगळी. जाहिरातीत अर्थातच सगळ्यात मोठा आकडा जाई. ब्रिटनमध्ये सिंक्लेअरनं १९६४ मध्ये ‘एक्स-१०’ नावाचा ॲम्प्लिफायर संच विकायला काढला. नावात दहा, प्रत्यक्षात निघत अडीच वॉटच्या आसपास.

अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्ये नियम केला. वॉट सांगायचे तर सतत देता येणारे सांगा. किती ओहमवर, कोणत्या कंपनांच्या पट्ट्यात आणि किती विकृतीसह, हेही सोबत सांगा. मोजण्याआधी यंत्र एक तास एकतृतीयांश शक्तीवर तापवा, अशीही अट होती. फुगवलेले बरेच आकडे त्यामुळे खाली आले. पण नियमाच्या नावातच ‘घरगुती करमणुकीची साधनं’ असे शब्द होते. गाडी त्यात बसत नव्हती.

आणि नेमक्या त्याच सुमारास गाडीतली ती भिंत पडत होती. १९७३ च्या आसपास ॲरिझोनातल्या जिम फॉसगेट यांनी गाडीसाठी स्वतंत्र, ताकदवान ॲम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. अशा ॲम्प्लिफायरच्या पोटात एक छोटा वीजपुरवठा असतो. बॅटरीचे १२ व्होल्ट तो अतिशय वेगानं चालू-बंद करतो, ट्रान्सफॉर्मरमधून चढवतो आणि आतल्या मंडळाला हवे तेवढे जास्त व्होल्ट देतो. गाडीत शेकडो वॉट पहिल्यांदा शक्य झाले. म्हणजे खरे वॉट आले तेव्हा वॉट मोजायचा कायदा दाराबाहेर उभा होता. या इतिहासातलं हे वळण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरी बाजू वूफरची. ज्या रचनेचा स्पीकर आपण आजही वापरतो, तो राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कोन. पेटी केवढी असावी याचं नीट गणित मात्र १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी मांडलं आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पुढे नेलं. तोवर पेट्या बऱ्याचशा अंदाजानं ठोकल्या जात.

या वेटोळ्याला, म्हणजे व्हॉइस कॉइलला, दिलेल्या विजेपैकी साधारण एखादा टक्काच आवाज होऊन बाहेर येतो. बाकी सगळी उष्णता. शंभर वॉट दिले, तर जवळजवळ नव्याण्णव वॉटची शेगडी त्या पेटीत पेटलेली असते. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की ४ ओहमची सात ओहमच्या पुढे जाते, मग ती वीजही कमी घेते आणि आवाज बसतो. आपल्याला वाटतं ॲम्प कमी पडतोय, म्हणून आपण आणखी पिळतो.

म्हणून दोन आकड्यांचा अर्थच वेगळा आहे. ॲम्पवरचा वॉट म्हणजे तो किती देतो. वूफरवरचा वॉट म्हणजे तो किती सोसतो. आणि किती सोसतो, हे किती वेळ यावर ठरतं. निखाऱ्यावरून झर्रकन हात फिरवणं वेगळं, हात ठेवणं वेगळं. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९८४ च्या मानकात वूफरला सलग दोन तास ठरावीक गोंगाट सोसावा लागे. खोक्यावरच्या ‘मॅक्स’ आकड्यात वेळेचा उल्लेखच नसतो.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेत गाड्यांच्या आवाजाच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि एक गंमत घडली. स्पर्धेचे गट ॲम्पच्या छापील वॉटवर पडत. मग काही कंपन्यांनी आकडा मुद्दाम लहान छापला! ओरायनचा ‘२२५ एचसीसीए’ हा त्यातला प्रसिद्ध. ४ ओहमवर दर चॅनलला फक्त २५ वॉट. पण त्याला अर्ध्या ओहमपर्यंतचा भार झेपे. ओहम निम्मे केले की वॉट साधारण दुप्पट: २ ओहमवर ५०, १ वर १००, अर्ध्यावर २००. पंचविशीच्या गटात उतरून शेकडो वॉट काढायचे. स्पर्धकांनी या ॲम्पना ‘चीटर ॲम्प’ असंच नाव दिलं. विकताना आकडा फुगवायचा आणि स्पर्धेत आकसायचा. कोणी मोजायचं आणि कशावर मोजायचं हे ठरलेलं नसलं की असंच होतं.

आपल्याकडे त्याच काळात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ ही चार अक्षरं आली. हातात उचलून नेता येणाऱ्या संचावर हजार-हजार वॉट पीएमपीओ. त्याची सर्वमान्य व्याख्याच नव्हती, त्यामुळे ते खोटं आहे असंही सिद्ध करता येईना. माझं गणित शिकलेलं डोकं याच हजारांवर वाढलं होतं.

गाडीच्या ॲम्पसाठी नीट मोजपट्टी आली ती २००३ मध्ये. अमेरिकेतल्या कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनचं ‘सीईए-२००६’ हे मानक: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती एक टक्क्याच्या आत. पण ते ऐच्छिक. ज्याला पाळायचं तो पाळतो आणि खोक्यावर तसं छापतो.

आता परत देवासच्या रस्त्यावर येऊ. आमचा जुना ॲम्प माळ्यावर होता. काही वर्षांनी मी त्याचा फ्यूज पाहिला, २५ अँपिअर. गाडीचे साधारण १३.८ व्होल्ट धरले, तर आत जाणारी शक्ती ३४५ वॉट. जुन्या पद्धतीचा ॲम्प त्यातली निम्म्याहून थोडी जास्तच बाहेर देतो, म्हणजे १९० वॉटच्या आसपास. सहाशे नव्हेतच. आणि वूफर? तो मी फाडून पाहिला. चुंबक छोटा, कॉइल जेमतेम इंचभर रुंद. अशी कॉइल सतत शंभर वॉटच्या फार पुढे जात नाही. वर आम्ही आवाज पिळून लाटेचा माथा कापत होतो. माथा कापून लाट चौकोनी झाली की तोच ॲम्प स्वच्छ सुरात देतो त्याच्या दुपटीपर्यंत शक्ती देऊ शकतो. शंभर सोसणाऱ्याला आम्ही दोनशे आणि त्याहून जास्त पाजत होतो.

म्हणजे ॲम्प छोटा नव्हता, त्या वूफरला मोठाच होता. ‘छोट्या ॲम्पनं वूफर जळतो’ यात एक धागा खरा आहे: छोटा ॲम्प माणूस जास्त पिळतो. पण तीनशे सतत सोसणाऱ्या वूफरला शंभर वॉटचा ॲम्प पूर्ण कापला तरी साधारण दोनशेच देईल. जळतो तो उष्णतेनं, कमतरतेनं नाही. दुकानदाराला हे माहीत नसावं. त्यानं ऐकलेलंच आम्हाला सांगितलं. पण मोठा ॲम्प घ्या, हा त्याचा उपाय म्हणजे भाजलेल्या हाताला मोठा निखारा.

म्हणून जोडी जुळवताना मी आता एवढंच पाहतो. दोन्हीकडे ‘आरएमएस’, म्हणजे सततचा आकडा. ‘मॅक्स’ आणि ‘पीक’ वाचायचेच नाहीत. वूफर जोडल्यावर एकूण ओहम किती होतात ते पाहायचं: ४ ओहमचे दोन समांतर जोडले की २. त्याच ओहमवर ॲम्प सतत किती देतो, तो आकडा वूफरच्या सततच्या आकड्याजवळ हवा. ॲम्पच्या दाव्यावर शंका आली, तर फ्यूजवरून वरची मर्यादा काढायची. फ्यूज खोटं बोललाच तर मोठा बसवलेला असतो, म्हणजे खरा आकडा त्याहूनही कमी. ‘गेन’चं बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, आवाज फाटायच्या आधी ते थांबवायचं. आणि तीनशेचे सहाशे वॉट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहापट शक्ती लागते. त्यासाठी पैसे घालण्याआधी पेटी नीट बनवून घेतलेली बरी. हेडलाइट ठोक्याला मंद होत असतील, तर कौतुक करू नका. आल्टरनेटर आणि वायरिंग दमलं, असं गाडी सांगते आहे.

हे सगळं मी दादाला फ्यूज दाखवत समजावलं, तेव्हा आमच्या दोघांचेही केस पिकायला लागले होते. त्यानं फ्यूज हातात घेऊन उजेडात धरला. म्हणाला, ‘आकडा तर तेव्हाही इथंच लिहिला होता की रे.’ हो, लिहिला होता. आम्ही खोक्यावरचा मोठा वाचला.