जुन्या कॅमेऱ्याचा जीर्णोद्धार व पुराव्याचें रक्षण

पोथ्या, सनदा, बखरी व नाणीं यांच्या परीक्षणाचे नियम आपल्या संशोधकांनीं गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत पुष्कळसे निश्चित केले आहेत. विसाव्या शतकांतील यंत्रेंहि आतां पुराणवस्तूंच्या पंक्तीस येऊन बसलीं आहेत. परंतु त्यांची परीक्षा कशी करावी व दुरुस्ती कोठवर करावी, याचा विचार आपल्या संग्राहकांत फारसा झालेला दिसत नाहीं. गेल्या वर्षीं एका जुन्या कॅमेऱ्याच्या निमित्तानें हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. आमचें अध्ययन संस्कृताचें व आयुष्य शाळेंत गेलेलें; यंत्रशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. तथापि जी पद्धति पोथीस लागू पडते तीच येथेंहि कशी उपयोगीं पडली, हें नमूद करणें वाचकांस निरुपयोगी होणार नाहीं, असें वाटतें.

हकीकत अशी. आमच्या एका दिवंगत स्नेह्यांच्या चिरंजिवांनीं घरांतील एक लहान कॅमेरा आमच्याकडे आणिला. त्यांचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रींत होते व दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर लढले होते. या पलटणींचा तेथील पराक्रम सर्वश्रुतच आहे. यशवंत घाडगे यांस १९४४ सालच्या व नामदेव जाधव यांस १९४५ सालच्या इटलींतील लढायांबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घरांतील परंपरा अशी कीं, १९४४ सालीं आजोबांनीं एका जर्मन कैद्याकडून हा ‘लायका’ कॅमेरा मिळविला. कॅमेऱ्याच्या माथ्यावर लायका हें नांव, खालीं पंख पसरलेला गरुड व जर्मन हवाई दलाचीं अक्षरें कोरलेलीं होतीं. चिरंजिवांचा मनोदय दुहेरी होता. यंत्र उजळून, दुरुस्त करून तें एखाद्या संग्रहालयास आजोबांच्या नांवें द्यावें, आणि तत्पूर्वीं त्याचें भिंग आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवून कांहीं चित्रें घ्यावींत.

उजळण्यापूर्वीं वाचावें, हा पोथीचा पहिला नियम. म्हणून आम्हीं प्रथम या यंत्राची कुळकथा पाहिली. जर्मनींतील वेट्झलर येथें अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक हा कारागीर होता. चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी चालवून, १८ × २४ मिलिमीटरच्या चौकटीची दुप्पट म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरची चौकट त्यानें स्थिरचित्रासाठीं योजिली. पहिला नमुना १९१३-१४ च्या सुमाराचा; विक्रीस यंत्र आलें तें १९२५ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत. १९३० सालीं भिंगें बदलतां येतील अशी सोय झाली. परंतु आरंभीं प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्यास जुळवून दिलेलें असे व भिंगावर त्याच कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे अंक कोरीत. विखुरलेल्या पोथीचें पान हरवूं नये म्हणून समासांत ग्रंथनामाचीं आद्याक्षरें व पत्रांक घालीत, त्यांतलाच हा प्रकार. १९३१ सालीं भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर २८·८ मिलिमीटर असें कायम ठरलें व कोणतेंहि भिंग कोणत्याहि कॅमेऱ्यास चालूं लागलें. अशा यंत्राच्या बैठकीवर शून्याची खूण आढळते. १९३२ सालच्या नमुन्यांत भिंगाशीं जोडलेला अंतरमापक आला.

याच नमुन्याची प्रतिकृति दूर युक्रेनमध्यें झाली, हा या वंशवृक्षांतील दुसरा फांटा. खार्कीव येथें अनाथ व बेघर मुलांसाठीं १९२७ सालीं एक वसाहत स्थापन झाली होती. शिक्षणशास्त्रज्ञ मकारेंको हे तिचे चालक. मुलें तेथें प्रथम विजेवर चालणारीं भोंकें पाडण्याचीं यंत्रें करीत. १९३४ पासून ‘फेड’ नांवाचा कॅमेरा तेथें नियमानें तयार होऊं लागला. फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या नांवाचीं हीं तीन आद्याक्षरें. १९४१ च्या ऑक्टोबरांत खार्कीव जर्मनांच्या हातीं पडलें व तेथील काम थांबलें. पुढें १९४८ पासून मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथें त्याच घडणीचा ‘झोर्की’ निघूं लागला. आरंभीच्या कांहीं यंत्रांवर फेड व झोर्की हीं दोन्हीं नांवें एकत्र दिसतात.

या दोन शाखांच्या साम्यामुळेंच लबाडीस वाव मिळाला. सोव्हिएट संघाच्या अखेरच्या व त्यानंतरच्या वर्षांत फेड व झोर्की यांवरील मूळ नांव घासून, वर लायकाचें नांव, गरुड व सैन्यचिन्हें कोरून तीं यंत्रें लायका म्हणून बाजारांत विपुल आलीं. जुन्या कागदावर नवा शिक्का उठवून वतनाची सनद सिद्ध करणाऱ्यांची आठवण येथें कोणासहि होईल.

आतां प्रस्तुत यंत्राकडे वळूं. भिंग फिरवून काढतांच आंत अंतरमापकाची बोटाएवढी तरफ दिसते. लायकांत तिच्या टोंकास वाटोळें चाक असतें. फेड व झोर्की यांत चाक नसून सपाट, वांकडें घडविलेलें अखंड टोंक असतें. आमच्या यंत्रांत चाक नव्हतें. एवढ्यानें लायका हा पाठ गळाला.

भिंग ज्यूपिटर-८ या जातीचें निघालें. लुडविग बेर्टेले यांनीं झाइस कंपनीसाठीं रचलेल्या झोन्नार भिंगाचा हा युद्धोत्तर रशियन वंशज. क्रास्नोगोर्स्कच्या भिंगांवरील क्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा सालाचे असतात. येथें ते ५६ होते. पोथीच्या पुष्पिकेंत शक सांपडावा तसेंच हें झालें. परंतु येथें घाई करणें बरें नव्हे. भिंग आट्यांचें आहे. तें केव्हांहि बदललेलें असूं शकतें. एका पोथीस दुसरीचें शेवटचें पान जोडलें गेलें, तर त्यावरील शक पहिल्या पोथीचा ठरत नाहीं. सबब, भिंग १९५६ चें यावरून यंत्र १९५६ चें, असें अनुमान आम्हीं केलें नाहीं.

उलट एक शंका घरच्या परंपरेच्या बाजूची होती व ती मांडणें न्यायाचें आहे. यंत्र झोर्की नसून युद्धापूर्वींचें फेड असेल, तर तें खार्कीवकडील आघाडीवर एखाद्या जर्मन शिपायाच्या हातीं लागून इटलींत येणें अशक्य नव्हतें. मग लायका हें नांव खोटें, पण १९४४ ची हकीकत खरी, असें झालें असतें. म्हणजे निर्णय एकाच गोष्टीवर येऊन ठेपला: घासलेल्या नांवाखालीं तीन अक्षरें होतीं कीं सहा?

ताडपत्रावर लोखंडी लेखणीनें कोरलेल्या अक्षरांतील काजळी उडाली तरी तिरप्या प्रकाशांत ओरखडे वाचतां येतात. तोच उपाय आम्हीं केला. खोलींत अंधार करून विजेरीचा झोत माथ्याच्या पत्र्यास समांतर धरिला. तीन रात्रीं कांहीं दिसलें नाहीं. चौथ्या रात्रीं, पत्रा उलट बाजूनें फिरवितांना, नव्या गरुडाच्या डाव्या पंखाखालीं एक मंद वक्ररेषा व शेवटच्या अक्षरावर अर्धचंद्रासारखी खूण दिसली. रशियन लिपींत झोर्की हें नांव सहा अक्षरांचें असून त्याच्या अन्त्य अक्षरावर अशीच खूण असते. फेडच्या तीन अक्षरांत ती कोठेंच नाहीं. यंत्र झोर्की ठरलें, अर्थात् १९४८ नंतरचें. १९४४ सालीं इटलींत तें असणें शक्य नव्हतें.

हा निर्णय चिरंजिवांस सांगणें आम्हांस जड गेलें. त्यांनीं थोडा वेळ कांहीं उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाले, “सर, म्हणजे आजोबा खोटें सांगत होते का?” आम्हीं त्यांस आजोबांच्या हातच्या जुन्या चीजा घेऊन येण्यास सांगितलें. आठवड्यानें त्यांनीं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणिला. त्यांत इटलींतील पडक्या चर्चचीं, खेंचरांच्या तांड्याचीं व सोबत्यांचीं निगेटिव्हें होतीं. कांहींवर तारखा शाईनें लिहिल्या होत्या. प्रत्येक निगेटिव्ह ६ × ९ सेंटिमीटरचें. २४ × ३६ मिलिमीटरच्या यंत्रांतून तें निघणें अशक्य. म्हणजे आजोबा इटलींत छायाचित्रें घेत होते हें खरें; पण घडीच्या मोठ्या कॅमेऱ्यानें. तें यंत्र गेलें, पुढें केव्हां तरी हें लहान यंत्र घरांत आलें, आणि जुनी कथा नव्या वस्तूस चिकटली. क्षेपक असे होतात. त्यांत कोणाचा खोटेपणा असतोच असें नाहीं.

आतां दुरुस्तीविषयीं. यंत्र पूर्वीं कोणा दुरुस्ती करणाऱ्याकडे जाऊन आलेलें होतें. त्यानें पितळ दिसेपर्यंत कडा घासल्या होत्या, आणि एक खिळा बदलून जाड बसविला होता. त्यामुळें मूळ मुलाम्याचा पुरावा तेवढा कायमचा गेला. एक चूक आमच्याहि हातून झाली व ती लपविणें योग्य नव्हे. भिंग पुढेंमागें सरकविणाऱ्या नळीचे आटे एकेरी नसून अनेक असतात. ते कोठें सुटतात याची खूण न करितां आम्हीं ती उकलली. पुन्हां बसवितांना ती भलत्याच आट्यांत शिरली व अनंत अंतराची खूण जुळेना. अखेर आम्ही एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यानें हंसून म्हटलें, “मास्तर, उघडण्याआधीं खूण, मग पाना. पोथी सोडतांना तुम्ही पानें मोजतां ना?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

त्याच्याच हाताखालीं पुढील काम झालें. सुकलेलें वंगण पेट्रोलजन्य द्रावकानें काढून अत्यल्प नवें लावलें. भिंगाच्या कडेस बुरशीचे तंतु होते. ते वेळींच पुसले, कारण बुरशीच्या स्रावानें कांच व तिच्यावरील लेप खाल्ला गेला म्हणजे कोणत्याहि उपायानें भरून येत नाहीं. भिंगसंच व नळी यांच्यामधील पातळ चकती जशीच्या तशी परत बसविली. तिच्याच जाडीवर जवळच्या अंतरांतील अचूकपणा अवलंबून असतो. शटरचा रबर लावलेला कापडी पडदा उजेडापुढें धरतां दोन सूक्ष्म छिद्रें दिसलीं. पडदा बदलावा कीं नाहीं यावर वाद झाला. शेवटीं जुना पडदा तसाच ठेविला. यंत्र चालवावयाचें नसून जपावयाचें होतें. ज्यांस चालवावयाचें असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, या घडणींत फिल्म तळांतून घालावी लागते व तिचें टोंक सुमारें १० सेंटिमीटर लांब निमुळतें कापावें लागतें. एरव्हीं तुकडे फाटून आंत अडकतात.

राहिला प्रश्न नव्या कॅमेऱ्यावर भिंग बसविण्याचा. हें निव्वळ वजाबाकीचें गणित आहे. जुन्या भिंगास बैठकीपासून २८·८ मिलिमीटर अंतर लागतें. सोनी कंपनीच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत तें १८ मिलिमीटर असतें. उरलेले १०·८ मिलिमीटर एका कड्यानें भरून काढले कीं काम झालें. १९५४ सालीं लायकानेंच नवी बैठक काढिली तेव्हां हें अंतर २७·८ केलें, म्हणून तेथें १ मिलिमीटरचें कडें पुरतें. ज्या कॅमेऱ्यांत हें अंतर ४० हून अधिक असतें, त्या आरशाच्या कॅमेऱ्यांवर मात्र दूरचें चित्र स्पष्ट येणें शक्य नाहीं. कित्येक जण अशा वेळीं भिंगाची मागील नळी कानशीनें घासतात. तें पोथी कपाटांत मावेना म्हणून तिच्या कडा कातरण्यासारखें आहे. कडें काढतां येतें, कातरलेली कड परत येत नाहीं. आम्हीं कड्यानेंच काम भागविलें व चिरंजिवांनीं प्रथम आजोबांचीं पदकें टिपलीं. हें भिंग १ मीटरच्या आंत स्पष्ट दाखवीत नाहीं, व तेवढ्या अंतरावर चौकटींत सुमारें ६५ ते ७० सेंटिमीटर रुंदी येते; सबब पदकांसाठीं मागें आणखी एक कडें घालावें लागलें. मोडी कागद टिपूं इच्छिणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां त्याज्य ठरलेले पाठ फेंकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत राखले. यंत्रासहि हाच न्याय लावावा. म्हणून गरुड व खोटें नांव आम्हीं घासूं दिलें नाहीं. तो या यंत्राच्या चरित्राचा भाग झाला आहे. काढलेला जाड खिळा लखोट्यांत घालून सोबत ठेविला, आणि काय उघडलें, काय बदललें व काय तसेंच ठेविलें, याचें टिपण तारखेसह डब्यांत घातलें. अशा वस्तु ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं दुरुस्तीपूर्वीं छायाचित्र, दुरुस्तीचें टिपण व काढलेल्या भागांचें जतन एवढ्या तीन गोष्टी कराव्या, अशी आमची सूचना आहे.

चिरंजिवांनीं अखेर यंत्र घरींच ठेवून निगेटिव्हांचा डबा संग्रहालयास देण्याचें ठरविलें. त्यासोबतच्या चिठ्ठीचा मसुदा त्यांनीं आमच्याकडून तपासून घेतला. त्यांत ‘लायका’ हा शब्द त्यांनीं स्वतःच खोडला होता, आणि त्या जागीं लिहिलें होतें: ‘कॅमेरा उपलब्ध नाहीं, चित्रें आजोबांचीं.’ त्यांत आम्हांस कांहींहि दुरुस्त करावें लागलें नाहीं.