मजलीचा विसावा : सातारा-सांगलीच्या वाटांवरील आडोशांची परंपरा

पायी प्रवासात एका दिवसात कापल्या जाणाऱ्या अंतराला ‘मजल’ म्हणत आणि वाटेवरचा निवारा कोठे असावा, हे या मजलीवरूनच ठरे. सातारा जिल्ह्यातील आरफळ गावच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. त्या वाटेवरील लोणंद, तरडगाव, फलटण आणि बरड हे मुक्काम आजही चालणाऱ्याच्या पावलांनीच मोजलेले दिसतात. लोणंद-तरडगावच्या दरम्यान जेथे पहिले उभे रिंगण होते, ते ठिकाण तर ‘चांदोबाचा लिंब’ म्हणजे एका झाडाच्या नावानेच ओळखले जाते.

निवाऱ्याचे घटक मोजके होते. झाडाभोवती बसण्याजोग्या उंचीचा दगडी ओटा म्हणजे पार, वाटसरूंना फुकट पाणी देणारी पाणपोई आणि रात्रीच्या मुक्कामासाठी बांधलेली धर्मशाळा. पाणपोईतील रांजण ओल्या वाळूत अर्धवट पुरलेला असे. त्याच्या सच्छिद्र मातीतून पाझरणारे पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेई, म्हणून भर चैत्रातही आतले पाणी गार राही.

या प्रदेशात आडोशाचे एकच रूप सर्वत्र चालणे शक्य नव्हते, कारण महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण आणि जत तालुक्यांत तो सुमारे ५०० मिलिमीटरवर येतो. म्हणून घाटमाथ्यावर उतरते छप्पर आणि पावसाच्या झोताकडील बंद भिंत हवी, तर माणदेशात सावली आणि पाणी असले की निम्मा निवारा झाला.

मोटारीचा वेग आला तसा मजलीचा हिशेब मागे पडला आणि रुंदीकरणात कडेची झाडे गेली. सांगली जिल्ह्यातील भोसे येथील, सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तुटणार होता. २०२० मध्ये वृक्षप्रेमींच्या आग्रहामुळे तो वाचला, परंतु २०२२ मध्ये कोसळला.

लांब पल्ल्याचा सायकलस्वार वारकऱ्याहून वेगाने जात असला, तरी ऊन, पाऊस आणि चढ तोही स्वतःच्या अंगावरच घेतो. म्हणून त्याच्यासाठी निवारा आखताना त्याच्या एका दिवसाच्या पल्ल्यात विसाव्याच्या काही जागा, सायकल नजरेसमोर ठेवता येईल असा रुंद ओटा, पिण्याचे पाणी आणि मुक्कामापुरते छप्पर एवढे धरले पाहिजे. यात नवे असे फारसे काही नाही. पार, पाणपोई आणि धर्मशाळा यांचेच ते चाकाच्या मजलीला जुळवलेले रूप आहे, आणि त्यातील पहिले काम म्हणजे रस्त्याकडेला पुन्हा वड लावून तो जगवणे.