सातपुड्यातील आदिवासी वाद्यमेळ

नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुडा भागातील भिल्ल, पावरा इ. जमातींच्या समूहनृत्यांना साथ करणारा वाद्यसंच. अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) हे तालुके त्याचे प्रमुख क्षेत्र होत. ढोल हे त्यातील मुख्य वाद्य असून मांदळ, थाळी व बासरी ही त्याच्या जोडीस असतात. नर्तकांच्या कमरेचे घुंगरू व वाळलेले भोपळे यांचा नादही या मेळाचाच भाग होय. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील नवापूर भागात कोकणा जमातीत पावरी हे सुषिर वाद्य प्रचलित आहे. भोपळा, बांबूच्या नळ्या व शिंग यांपासून ते बनवितात. वादक श्वास न तोडता ते वाजवितो व त्याने चाल बदलली, की नर्तकांची पावलेही बदलतात. हे सर्व वादन मौखिक परंपरेने, ऐकून व पाहून शिकले जाते.

होळी हा या वाद्यमेळाचा मुख्य प्रसंग होय. होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारांत गावोगावचे ढोल येतात. काठी हे पूर्वीच्या मेवासी संस्थानांपैकी एक असून तेथील होळीचा आरंभ स्थानिक परंपरा १२४६ मध्ये झाला असे मानते. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री तेथे अनेक गावांची पथके रात्रभर वाजवितात आणि पहाटे होळी पेटविली जाते. नर्तक काही दिवस आधीपासून व्रतस्थ राहतात. त्यानंतर इतर गावांच्या होळ्या निरनिराळ्या दिवशी होत असल्याने एका गावचे ढोल दुसऱ्या गावी जाऊ शकतात. गावागावांतील आप्तसंबंध या भेटींतून दृढ होतात.

सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुव्यातील ९ व अक्राणीतील २४ अशी एकूण ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबे तळोदे व शहादे तालुक्यांतील सपाटीवर वसविण्यात आली. विस्थापित समाजाच्या संगीताचे एक परिचित उदाहरण अमेरिकेत आढळते. ब्रिटिशांनी १७५५ पासून कॅनडाच्या अकेडिया प्रदेशातून हद्दपार केलेल्या फ्रेंच भाषिकांपैकी अनेक जण पुढे लुइझिअ‍ॅनात स्थायिक झाले. त्यांचे वंशज म्हणजे केजन लोक. व्हायोलिनवादकाच्या भोवती जमणारे घरगुती नृत्यमेळावे त्यांच्या समाजजीवनाचा आधार ठरले. त्याच प्रदेशातील कृष्णवर्णीय क्रिओल वादकांनी पुढे अ‍ॅकॉर्डियन व नालीदार पत्रा यांच्या साथीने झायडेको ही शैली घडविली.

सातपुड्यातील वाद्यमेळाची घडण मात्र एका घराची वा एका वादकाची नसून गावांच्या परस्परसंबंधांची आहे. ढोल नव्या वसाहतीत नेता येतो; परंतु ज्या क्रमाने गावे एकमेकांच्या होळीस जात, तो क्रम नव्या ठिकाणी पुन्हा बसवावा लागतो. म्हणून या संगीताच्या जतनाचा प्रश्न वाद्यांच्या संग्रहापुरता मर्यादित राहत नाही. तो पुनर्वसित गावांच्या एकत्र राहण्याशी निगडित आहे.