खोक्याची कुळकथा

हापूसचा हंगाम ओसरायला लागला की पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळबाजाराच्या कडेला रिकाम्या लाकडी पेट्यांच्या थप्प्या लागतात. पातळ फळ्या, दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट, कोपऱ्यांत खिळे आणि तळाशी उरलेला पेंढा. घरच्या कुत्र्यामांजराला वळण कसं लावावं, त्याचं डोकं गुंतवून कसं ठेवावं, याचं जे शास्त्र आज जगभर शिकवतात त्याचं मूळ अशाच एका ओबडधोबड खोक्यात आहे. पझल फीडर (पोटात खाऊ दडवलेलं कोडं), क्लिकर (टिक वाजवून शाबासकी देणारं खेळणं), एन्रिचमेंट (जनावराला उद्योग पुरवणं) हे शब्द आता प्राणी पाळणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आले आहेत. दुकानातली रंगीत प्लॅस्टिकची खेळणी पाहून हे सगळं कालपरवाचं खूळ वाटतं. प्रत्यक्षात या घराण्याला सव्वाशे वर्षं झाली.

तो खोका ठोकणारा एडवर्ड थॉर्नडाइक हार्वर्डमध्ये शिकत होता तेव्हा कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करायचा. पुस्तकं उभी करून त्यांच्या भिंती, त्या भिंतींचा चक्रव्यूह आणि आत वाट शोधणारी पिल्लं. घरमालकीण हे चालू देईना, तेव्हा त्याचे गुरू विल्यम जेम्स यांनी आपल्या घराचं तळघर त्याला दिलं. १८९७ मध्ये तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला, तो शिकवून तयार केलेल्या दोन कोंबड्या टोपलीत घालूनच. तिथे माळ्यावर त्याने मांजरं आणि तीन कुत्री आणली आणि लाकडी खोक्यांचे पिंजरे ठोकले: साधारण वीस इंच लांब, पंधरा इंच रुंद, बारा इंच उंच. एकाला आत दोरीचा फास, एकाला पायाने दाबायची फळी, एकाला कडी. योग्य ती खटपट झाली की दार उघडणार. उपाशी मांजर आत आणि खाणं बाहेर, अशी मांडणी.

त्याच्या नोंदीतलं बारा नंबरचं मांजर मला फार आवडतं. सगळ्यात सोप्या खोक्यात त्याला पहिल्यांदा सुटायला १६० सेकंद लागले. ते ओरबाडलं, फटीतून पंजे घातले, फळ्या चावल्या आणि त्या धडपडीत कधीतरी फास ओढला गेला. दुसऱ्या वेळी ३० सेकंद, तिसऱ्या वेळी पुन्हा ९०. मग हळूहळू, मागेपुढे होत, चोविसाव्या खेपेला ७. तिसऱ्या खेपेचे ते ९० सेकंद लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ‘काल जमलं होतं, आज मुद्दाम करत नाही’ असं म्हणून ज्या घरांत कुत्र्याला ओरडा बसतो, त्या प्रत्येक घरात हा आकडा भिंतीवर लावावा. शिकणं असंच घसरत-चढत होतं. थॉर्नडाइकने १८९८ च्या प्रबंधात हेच मांडलं: प्राणी विचार करून कोडं सोडवत नाही, ज्या हालचालीनंतर सुख मिळतं ती हालचाल पक्की होत जाते. पुढे याला परिणामाचा नियम म्हणू लागले. एका खोक्याचं दार तर मांजराने स्वतःचं अंग चाटलं तरच उघडायचं. चाटण्याचा आणि दाराचा काही संबंध नाही, तरी मांजरं तेही शिकली. कुत्र्यांचं मात्र निराळं होतं. कोंडल्याचा त्यांना तेवढा जाच वाटत नव्हता, त्यांचं लक्ष बाहेरच्या खाण्याकडे.

मॉन्ट्रियलच्या वेस्ली मिल्स यांनी लगेच, १८९९ मध्ये, यावर कडक टीका केली. भुकेल्या, घाबरलेल्या जनावराला कोंडून त्याची बुद्धी कशी कळणार, हा त्यांचा सवाल. मला दोघांचंही पटतं. शिकण्याचा नियम थॉर्नडाइकला सापडला तो खराच, पण खोक्यातलं मांजर हे मांजराचं आयुष्य नव्हे, हेही तितकंच खरं. या कुळाची पुढची सगळी वाटचाल या दोन म्हणण्यांच्या मधून झाली.

पुढची पायरी धान्याच्या संगतीत चढली गेली. दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्याकडे एक विलक्षण काम होतं: कबुतरांना पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारायला शिकवून त्यांच्याकडून क्षेपणास्त्राला दिशा देणं. कामाची जागा मिनियापोलिसमधल्या जनरल मिल्स कंपनीच्या पीठगिरणीचा सर्वांत वरचा मजला. १९४३ मध्ये वॉशिंग्टनहून मंजुरी येईपर्यंत हाताला काम नव्हतं, तेव्हा स्किनर, केलर ब्रेलंड आणि नॉर्मन गटमन यांनी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवायचं ठरवलं. चेंडू ठेवला आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही. मग त्यांनी बेत बदलला. कबुतराने चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणे, मान वळवली की दाणे, चोच जवळ नेली की दाणे. काही मिनिटांत चेंडू खोक्याच्या भिंतींवर आपटत होता.

पूर्ण काम होण्याची वाट पाहायची नाही, कामाच्या दिशेने पडलेलं पहिलं पाऊल उचलून धरायचं. कुत्र्याला ‘बस’ शिकवताना आज जो कोणी चांगला शिक्षक येतो तो हेच करतो. मागचा भाग दाबून कुत्र्याला बसवत नाही. खाऊ नाकावरून मागे नेतो, कुत्र्याची मान वर होते, कंबर आपोआप खाली जाते आणि त्याच क्षणी बक्षीस.

तो क्षण चुकता कामा नये, हीच सगळ्यात मोठी अडचण. खिशातून खाऊ काढेपर्यंत कुत्रं उठून उभं राहतं आणि बक्षीस उठण्याला मिळतं. स्किनर यांनी १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखात त्यावरचा उपाय घरगुती वाचकांना सांगितला: लहान मुलांचं पत्र्याचं टिकटिक वाजणारं खेळणं घ्या. आधी टिक आणि खाऊ यांची जोडी जनावराच्या मनात बसवा, मग टिक हीच पोचपावती. आपल्या जत्रांत मिळणारा पत्र्याचा बेडूक त्याच जातीचा. ब्रेलंड आणि त्यांची पत्नी मॅरियन यांनी तर विद्यापीठ सोडून यावर धंदाच उभा केला आणि १९४७ मध्ये त्याच जनरल मिल्सच्या पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी कोंबड्यांचे खेळ बसवले. समुद्रातल्या डॉल्फिनला गळ्यात पट्टा घालून ओढता येत नाही, म्हणून डॉल्फिन शिकवणाऱ्यांनी हीच रीत शिट्टीने पुढे नेली. त्यांतल्या कॅरन प्रायर यांचं १९८४ चं पुस्तक कुत्रेवाल्यांच्या हाती पडलं आणि साखळीचा हिसका देऊन शिकवण्याचा जमाना मागे पडू लागला. आपल्याकडे तो अजून पुरता मागे पडलेला नाही, याचं मला दुःख आहे. काटेरी पट्टे आजही विकले जातात.

इथवर मांडणी थॉर्नडाइकचीच होती: जनावराने खटपट करायची आणि खाणं मिळवायचं. तिचा हेतू उलटा झाला प्राणिसंग्रहालयांत. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ यांनी गिबन या कपींना अशी यंत्रं दिली की दिवा लागला की दांडा ओढायचा आणि खाणं मिळवायचं. हेतू परीक्षेचा नव्हता. पिंजऱ्यात दिवसभर नुसत्या बसणाऱ्या जिवाला काहीतरी उद्योग हवा, हा होता. त्याच दशकात कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगन गाडीच्या दुरुस्तीत निघालेला एक रबरी तुकडा त्याने उचलला आणि दगड सोडले. त्या तुकड्याच्या आकारावरून काँग हे पोकळ रबरी खेळणं आलं, ज्याच्या पोटात खाऊ भरतात. आता कोडं बाहेर ठेवलं होतं, खाणं त्याच्या आत, आणि जनावर मोकळं. मिल्स यांचं समाधान व्हायला असं पाऊण शतक जावं लागलं.

मांजराला उद्योग हवा म्हणजे काय, ते पाहायला मार्केट यार्डाच्या भुसार विभागासारखी जागा नाही. नाना पेठ-भवानी पेठेतला धान्यबाजार गुलटेकडीला हलला तसे उंदीरही हलले आणि त्यांच्यामागे मांजरंही आलीच. ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीवर पाय पोटाखाली घेऊन बसलेलं मांजर झोपलेलं दिसतं, पण कान फिरत असतात. थप्पीच्या मागे खसफस झाली की शेपटीचं टोक हलतं, अंग चपटं होतं, मागचे पाय दोनदा जागच्या जागी थरथरतात आणि झेप. बहुतेक झेपा फुकट जातात. माणसाशी मांजराचं नातं मुळात याच कामातून जुळलं. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे शेती आणि कोठारं नुकती सुरू झाली होती त्या काळातले. दिवसातून दहा-वीस लहान शिकारी, लहान लहान घास, मधे झोप, असं त्याचं घड्याळ आहे. हेच मांजर जवळच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर येतं तेव्हा बशी सकाळ-संध्याकाळ भरलेली असते आणि मधले बारा तास रिकामे. मग पडदे फाटतात आणि पहाटे चारला घरच्यांचे पाय चावले जातात.

असा उद्योग द्यायला महागडं काही लागत नाही. रिकामी पेटी घरी आणा, वर आलेले खिळे ठोका, कुसळं घासा, पेंढ्यात रोजच्या कोरड्या खाण्यातलं थोडं पसरून टाका. शेंगदाण्याचं बारदान चांगलं झटकून त्यात खाऊ गुंडाळला तर कुत्रं त्यात नाक खुपसून वीस मिनिटं सुखाने गढून जातं. बाजारातून आणलेल्या वस्तूंबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून सावध राहायला हवं. कांदा, लसूण, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या पोटात जाता कामा नयेत. कांदा-लसूण मांजरालाही विषच. औषध घातलेल्या गोदामातलं बारदान तर घरात आणूच नका, आणि गाळ्यावर मांजर असेल तर उंदरांना विष घालू नका. विष खाल्लेला उंदीर मांजराच्याच तोंडी जातो.

कुत्र्याला खेळण्याहून वेळापत्रकाची गरज जास्त. बाजाराच्या आवारातल्या भटक्या कुत्र्यांकडे पाहिलं की हे पटतं. रात्री भाजीपाल्याच्या गाड्या येतात, पहाटे गजबज, दुपारी शुकशुकाट, शनिवारी भाजी-फळबाजाराला सुट्टी आणि रविवारी मोठी आवक, या घड्याळावर त्यांचं झोपणं-उठणं बसलेलं असतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्यांना खायला घालायची जागा आणि वेळ ठरवायला सांगितलं आहे. त्यामागे माणसांची सोय आहेच, पण जेवण कुठे आणि कधी ते ठाऊक असलेलं कुत्रं शांत असतं. घरातल्या कुत्र्याचंही तेच. फिरायला नेताना त्याला प्रत्येक खांबापाशी थांबून हुंगू द्यावं. साखळी ओढत घाईने एक किलोमीटर नेण्यापेक्षा पाव किलोमीटर हुंगत गेलेलं कुत्रं घरी येऊन निवांत पडतं.

आता त्या मूळ खोक्याकडे. आज घरातलं मांजर ज्या खोक्यात कोंडलं जातं तो म्हणजे डॉक्टरकडे न्यायचा पिंजरा. वर्षातून एकदा माळ्यावरून तो काढतात, मांजराला मानगुटीला धरून आत ढकलतात आणि घरभर रक्तारक्ती होते. त्याऐवजी पिंजरा कायम उघडा बैठकीच्या खोलीत असू द्या, आत जुनं पांघरूण घाला. पहिले काही दिवस बशी दाराबाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीशी. ते आत निर्धास्त खाऊ लागलं की दार लोटा आणि एक सेकंदात उघडा. मग पाच सेकंद, मग उचलून दोन पावलं, मग जिन्यापर्यंत. घाबरलं तर एक पायरी मागे या. थॉर्नडाइकच्या तक्त्यात सेकंद कमी होत गेले होते. इथे ते वाढवत न्यायचे आहेत, आणि तेही मांजराच्या राजीखुशीने.

एक गोष्ट मात्र मांजरवाल्यांनी ध्यानात ठेवावी. १९६३ मध्ये ग्लेन जेन्सन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की समोर फुकटचं खाणं असूनही उंदीर दांडा दाबून मिळवलेलं खाणं पसंत करतात. पुढे इतर अनेक प्राण्यांत हेच आढळलं. मांजर अपवाद निघालं. कॅलिफोर्नियात मिकेल डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १७ घरगुती मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बशी आणि कोडं दोन्ही समोर ठेवल्यावर मांजरांनी जास्त खाणं बशीतूनच खाल्लं. म्हणून कोड्याच्या भरवशावर मांजराला उपाशी ठेवू नका. पेटीत थोडं, बशीत थोडं, असंच चालू द्या, आणि सलग दिवसभर त्याने कशालाच तोंड लावलं नाही तर पेटी बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा.